सोफा, पडदे, इरकल आणि आजीची वाकळ, सगळं एका हॉलमध्ये बसेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. सांगलीत विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय, हॉल साधारण १० बाय १६, पश्चिमेला मोठी खिडकी. चॉकलेटी रेक्झिनचा सोफा आणि एक दिवाण आहे, सोफा इतक्यात बदलायचा नाही. ऑनलाइन मागवलेले मोठ्या फुलांचे पडदे आलेत. सासूबाईंनी दिलेली मरून सोलापुरी चादर आहे, आईचं हिरवं इरकल लुगडं आहे त्याचं काहीतरी करायचंय, आणि आजीनं शिवलेली वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, कपाटात पडून आहे. मिस्टर म्हणतात एका रंगाचा रेडीमेड सेट आणू आणि विषय संपवू. आणि तुम्ही विचारताय की हे सगळं एका हॉलमध्ये बसेल का, का जत्रा भरल्यासारखं दिसेल.

बसेल. फुलांचे पडदे तेवढे बेडरूमला द्या, बाकी एकही वस्तू काढायची नाही. का ते सांगते, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा कारण तुमच्याकडं जे आहे ते विकत घ्यायला गेलं तर मिळत नाही आणि ते कपाटात राहू नये असं मला मनापासून वाटतं.

गेली २६ वर्षं मी सांगलीत पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्या-तक्के शिवून देते. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे "ताई, ह्याच्यावर मॅच काय होईल?" आणि मॅच म्हणजे रंगाला रंग लागला की झालं असं बहुतेकांचं असतं. पण घरात कापड आपण दोन ठिकाणांहून बघत असतो, एकदा दारातनं आत येताना आणि एकदा त्यावर बसल्यावर हाताखाली. दारातनं दिसतो रंग आणि डिझाइन. हाताखाली लागतो पोत, म्हणजे ते खरखरीत आहे का मऊ, जाड आहे का झिरझिरीत, गार लागतंय का उबदार. दारातनं बघताना एकच कापड उठून दिसलं पाहिजे आणि बाकीच्यांनी त्याला वाट करून दिली पाहिजे. हाताखाली मात्र जितके वेगवेगळे पोत येतील तितकं घर भरलेलं वाटतं. रेडीमेड सेटमध्ये नेमकं उलटं होतं, पडद्यावर, कुशनवर, दिवाणावर तेच पान तेच फूल, म्हणजे लांबून सगळीकडं एकच गोष्ट परत परत दिसते आणि जवळ गेलं तर हाताला सगळं एकच पॉलिस्टर. दुकानात फोटो छान येतो, घरी चार महिन्यांत कंटाळा येतो. अशी सेट घेतलेली गिऱ्हाइकं नंतर माझ्याकडं "ह्यात जरा काहीतरी जान आणा" म्हणून येतात.

आता वाकळेचं बघू, कारण वेगवेगळी डिझाइनं एकत्र कशी नांदवायची ते आपल्या भागातल्या बायकांना कुणी शिकवायला लागलं नाही, त्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आल्यात. मध्यंतरी एक ताई तासगावकडनं एक जुनी वाकळ घेऊन आल्या होत्या, कडा उसवल्या होत्या म्हणून. जमिनीवर पसरली आणि मी मोजायलाच बसले, अकरा प्रकारची कापडं निघाली. कडेनं चंद्रकळेची, म्हणजे काळ्या लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी, आत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पायजम्याचा तुकडा, लाल पदराचा तुकडा, कुणाच्यातरी शाळेच्या खाकी चड्डीचं कापड, बारीक फुलांचं परकराचं कापड, दोन ठिकाणी वरनं लावलेली ठिगळं. अकरा कापडं, त्यात एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, तरी वाकळ बघताना डोळ्याला कुठंही खटकत नव्हतं. कारण बघा काय काय होतं. सगळ्यावरनं एकाच पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा, कडेपासनं आत आत येत गेलेला, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या अंगावर तीच एक रेघ आहे. चारी बाजूंनी एकच काळी किनार, त्यामुळं आतलं सगळं एका चौकटीत बसतं. आणि सगळी कापडं धुवून धुवून सारखीच मऊ आणि सारखीच फिकी झालेली, त्यामुळं एकही रंग दुसऱ्याच्या वर ओरडत नाही. नवीन कडक लाल तुकडा त्यात टाकला असता तर तोच एकटा दिसला असता. (त्या ताईंना नवीन ठिगळ लावायचं होतं, ते कापड मी आधी चार वेळा धुवून मग लावलं.)

घरात कापडं एकत्र करताना हेच करायचं. एक धागा सगळ्यांतनं गेला पाहिजे, एक कड पाहिजे आणि तेज सारखं पाहिजे. तुमच्या घरात तो धागा मरून रंगाचा आहे. सोलापुरी चादर मरून, इरकलचा काठ-पदर लाल-मरूनच असणार, आणि चॉकलेटी सोफ्याला मरून कधीच परका वाटत नाही. म्हणजे निम्मं काम आधीच झालंय, तुमच्या लक्षात आलं नाही इतकंच.

डिझाइनचा आकार हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि त्याच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष जातं. मी हातानं मोजते. जे फूल किंवा चौकट तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी ते मोठं डिझाइन, दोन-तीन बोटांत मावतं ते मधलं, करंगळीच्या नखाएवढं ते बारीक. एका हॉलमध्ये मोठं एक, मधलं एक, बारीक कितीही. दोन मोठी समोरासमोर आली की जत्रा झालीच समजा, रंग कितीही जुळलेले असूदेत. तुमचे फुलांचे पडदे मोठे आणि वाकळेचे तुकडेही मोठे, त्यात खिडकी मोठी म्हणजे पडद्याची जागा हॉलमधल्या कुठल्याही कापडापेक्षा जास्त. पडदा बोलायला लागला की वाकळेचं कोण ऐकणार. म्हणून पडदे बेडरूमला. फेकायचे नाहीत, तिथं साध्या चादरीबरोबर ते छान दिसतील.

आणि बारीक डिझाइन कितीही चालतं असं का म्हटलं तर ते लांबून डिझाइन राहतच नाही. आईचं इरकल काढा, खुर्चीवर टाका आणि ८ फूट मागं जाऊन बघा. अंगावरची बारीक चौकडी दिसणार नाही, नुसता हिरवा दिसेल, पण छापील साध्या हिरव्यासारखा मेलेला नाही, आतनं हलल्यासारखा. तो जो हललेपणा आहे तो दोन रंगांच्या धाग्यांचा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्याला आपण धूपछाव म्हणतो, उजेड फिरला की रंग फिरतो. तुमच्या लुगड्याचा एक उभा आणि एक आडवा धागा उकलून बघा, काठाजवळचे नको, टोकाचे घ्या. त्यात कोणते दोन रंग आहेत ते कळलं की बाकी कुशनला कोणता रंग घ्यायचा हे दुकानदाराला विचारायची गरज नाही, तोच दुसरा रंग घ्यायचा.

पट्टे आणि चौकडी यांच्याबद्दल लोक उगाच घाबरतात. पट्टा हा सगळ्यांशी जमवून घेतो, फुलांशीही आणि चौकडीशीही, फक्त दोन्हींची रुंदी एकसारखी नको. चौकडी दोन बोटांची असेल तर शेजारचा पट्टा अर्ध्या बोटाचा घ्या. जमिनीवर बारीक पट्ट्यांची सतरंजी टाका म्हणून मी जवळजवळ सगळ्यांना सांगते, एक तर ती स्वस्त, धुता येते, आणि वर काहीही असलं तरी खाली पाय रोवून उभी असते.

आता पडदे. तुमच्या खिडकीला साधे मांजरपाटाच्या रंगाचे, म्हणजे न ब्लीच केलेल्या सुती कापडाचा जो पिवळसर पांढरा असतो त्या रंगाचे पडदे करा आणि खाली काठ लावा. लुगड्याला असतो तसाच काठ, पाच-सहा इंच रुंद, मरून. हे मी कितीतरी घरांत केलंय आणि दरवेळी बघणारा विचारतो कुठनं घेतले. पडद्याचं अंग शांत राहतं, उजेड आत येतो, आणि खालच्या मरून रेघेनं खिडकी, सोफा, चादर सगळं एका ओळीत येतं. वाकळेच्या कडेची किनार जे काम करते तेच काम. साधं कापड आपल्याकडं चांगलं मिळतं, इचलकरंजी तासाभरावर, तिथं पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि नंतर सगळं गावच मागावर आलं, आपल्या जिल्ह्यात विट्यालाही माग आहेत. त्यामुळं साध्या सुती कापडासाठी लांब कुठं जायची किंवा ऑनलाइन मागवायची गरज नाही, हात लावून बघून घ्या. दोन बोटांत धरून उजेडाकडं करा, धागे सारखे दिसले पाहिजेत. मग मुठीत आवळून सोडा, सुरकुत्या किती राहतात ते कळतं, आणि खळ जास्त असली तर हाताला पांढरं लागतं, ते धुतल्यावर निम्मं होणार हे धरून चाला.

खणाचे पडदे करू का असंही बरेच विचारतात, सध्या फॅशन आहे. खण सुंदरच, पण पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३० इंचाच्या आसपास असतो, चोळीसाठी विणलेलं कापड ते, त्यामुळं पडद्याला खूप जोड येतात आणि खण जरा कडक असल्यामुळं चुण्याही नीट पडत नाहीत. माझं मत, खणाचा काठ करा, कुशनची मागची बाजू करा, तक्क्याची टोकं करा. अख्खी खिडकी नको.

पडद्याच्या कापडाचा हिशोब सांगते कारण इथंच लोक फसतात आणि एकदा मीही मोठी चूक केलीय. रॉड ८ फुटांचा म्हणजे ९६ इंच, चुण्या नीट पडायला त्याच्या दुप्पट कापड लागतं म्हणजे १९२ इंच, कापडाचा पन्हा ४८ इंच धरला तर चार पन्हे. उंची ७ फूट धरली तर ८४ इंच, त्यात वरची-खालची दुमड मिळून १२ इंच, म्हणजे एका पन्ह्याला ९६ इंच, साधारण २४४ सेंटिमीटर. साध्या कापडाला एवढं पुरतं, फक्त धुतल्यावर आटणार तेवढं जास्त धरा, ते शेवटी सांगते. पण डिझाइनच्या कापडात एकच फूल ठरावीक अंतरानं परत येतं, ते अंतर बघावं लागतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका घरी मोठ्या फुलांचे चार पन्ह्यांचे पडदे शिवले, फूल दर ६४ सेंटिमीटरला परत येत होतं. म्हणजे प्रत्येक पन्हा ६४ च्या पटीत, २५६ सेंटिमीटर कापायला पाहिजे होता. मी २४४ नं कापला, चार पन्ह्यांत मिळून अर्धा मीटर कापड वाचवलं. लावल्यावर प्रत्येक जोडाला फूल १२ सेंटिमीटर खालीवर. पहिल्या पन्ह्यावर गुलाब डोळ्यासमोर, चौथ्यावर तोच गुलाब फूटभर खाली, पायऱ्या उतरल्यासारखा. त्या घरच्या काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते कापड माझ्या खर्चानं परत आणलं, त्या महिन्यात हातात काही राहिलं नाही, पण तेव्हापासनं कात्री लावायच्या आधी फूल मोजल्याशिवाय मी पुढं जात नाही. तुम्ही ते फुलांचे पडदे बेडरूमला लावताना उंची कमी करून घ्याल, तेव्हा टेलरला सांगा की सगळे पन्हे खालून सारखेच कापायचे, एक वरनं एक खालनं असं करायचं नाही.

आता पोत. तुमचा सोफा रेक्झिनचा, म्हणजे गुळगुळीत, चकचकीत, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा आणि थंडीत गार. गुळगुळीतावर गुळगुळीत टाकू नका. सॅटिनची कुशनं अशा सोफ्यावर घसरून खाली पडतात आणि दोन्हींवरनं ट्यूबचा उजेड परत येतो, सगळं दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखं होतं. इथं सोलापुरी चादर कामाला येते. ती जाड, वजनदार, सुती, आणि तिचं डिझाइन विणीतनं आलेलं असतं, छापलेलं नाही, म्हणून उलटी केली तरी डिझाइन दिसतंच, फक्त रंग उलटे होतात. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं कापड आहे ते, आपण रोज पांघरतो म्हणून त्याची किंमत राहत नाही. ती सोफ्याच्या बैठकीवर घडी करून टाका, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची चटई घाला. गडद सोफ्यावर गडद मरून, त्यामुळं दारातनं ते डिझाइन फार उठत नाही, बसल्यावर मात्र हाताला वीण लागते. मला हे असं गडदावर गडद फार आवडतं, लोकांना वाटतं अंधार होईल, पण भिंत आणि पडदा फिके असले की होत नाही.

जाड आणि पातळ, चमक आणि बिनचमक, खरखरीत आणि मऊ, या तीन जोड्यांतलं दोन्हीकडचं काहीतरी हॉलमध्ये असलं पाहिजे. तुमच्याकडं चमक इरकलच्या पदराची आहे, मऊपणा वाकळेचा आहे, जाडी चादरीची आहे, पातळ पडदा येईल. खरखरीत काही नाही. तर एखादी घोंगडी मिळाली तर बघा. आपल्या जतकडं, आटपाडीकडं, साताऱ्याच्या माणदेशात धनगरांकडं दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची मिळते, काळ्या-करड्या नैसर्गिक रंगाची, चिंचोक्याची खळ दिलेली. नवीन असताना टोचते, म्हणून बसायच्या जागी नको, दिवाणाच्या पायथ्याला घडी करून किंवा भिंतीला लावून. वेलवेटच्या चार कुशनांपेक्षा ती एक घोंगडी खोलीला जास्त वजन देते. वेलवेट घ्यायचंच असलं तर एक लक्षात ठेवा, त्याची लव एका दिशेला असते, हात फिरवला की कळतं, सगळे तुकडे एकाच दिशेनं कापले नाहीत तर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात. आणि आपल्याकडच्या धुळीत, उन्हाळ्यात वळिवाच्या आधी जी धूळ उठते ना, त्यात वेलवेट दर दोन दिवसांनी झाडावं लागतं. जमणार असलं तरच घ्या.

औंधच्या भवानी संग्रहालयात गेला असाल, नसाल तर जाऊन या, साताऱ्यातनं फार लांब नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, १९३८ चं. तिथं राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. चेहरे सगळेच बघतात, तुम्ही एकदा नुसती कापडं बघत फिरा. रेशमाची चमक कशाच्या शेजारी ठेवलीय, काठ कुठं दिसतो आणि कुठं चुणीत लपतो, ते बघा. मी दोनदा गेलेय आणि चमकणारं कापड थोडंच ठेवायचं हे मला तिथं उभं राहून जास्त पटलं.

इरकलबद्दल सावकाश लिहिते, कारण तिथं चूक झाली तर परत दुरुस्त करता येत नाही. इरकलचं अंग आणि पदर वेगळ्या ताण्याचे, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचे असतात, विणतानाच अंगाच्या धाग्यांना पदराचे धागे फासे घालून जोडतात, त्याला टोपतेणी म्हणतात, दुसऱ्या साड्यांत सहसा असं नसतं. बऱ्याच लुगड्यांत अंग सुती आणि पदर रेशमी, म्हणजे धुतल्यावर एक आटतं आणि एक आटत नाही. म्हणून एका कुशनमध्ये अंग आणि पदर दोन्ही घेऊ नका. आणि आधी घडी उलगडून उजेडासमोर धरा. जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं तर घडीवरच विरतं, वरनं अख्खं दिसतं आणि ताण पडला की सरळ रेषेत फाटतं. एका मुलीनं तिच्या आईच्या पदराची दोन कुशनं माझ्याकडनं शिवून घेतली होती, मी आतनं काही न लावता शिवली, तीन महिन्यांत दोन्ही बरोबर घडीवर फाटली. ती रडली आणि मलाही काय बोलावं कळेना, कारण ते कापड परत आणता येत नाही. तेव्हापासनं जुन्या साडीच्या प्रत्येक तुकड्याला मागनं मलमलचं अस्तर आडव्या-उभ्या बारीक टाक्यांनी लावूनच पुढं जाते, आणि पदर तर बसायच्या कुशनला वापरतच नाही.

तुम्ही असं करा. पदराचे तुकडे करू नका. तो तसाच घडी करून लांब पट्टी म्हणून दिवाणाच्या मागच्या भिंतीला लाकडी पट्टीवर सोडा, खिडकीपासनं लांबच्या भिंतीला, पश्चिमेचं ऊन रेशमावर पडलं तर दोन वर्षांत रंग उतरतो आणि धागाही कमजोर होतो. अंगाची चार कुशनं होतील, मागची बाजू साधी मरून किंवा खणाची. कापायच्या आधी पांढरं कापड ओलं करून काठावर आणि अंगावर चोळून बघा. रंग लागला तर ड्रायक्लीनच, घरी धुवायचं नाही. आणि कुशनचं कव्हर आतल्या कुशनपेक्षा एक-दोन इंच लहान शिवायचं, १८ इंचाच्या कुशनला १६ किंवा १७ चं, नाहीतर चार दिवसांत कोपरे रिकामे लोंबतात. पण जुनं कापड असल्यामुळं तुम्ही १७ च करा, जास्त ताण नको.

वाकळ दिवाणावर, पूर्ण पसरून. हीच तुमच्या हॉलमधली उठून दिसणारी गोष्ट. त्यावर दुसरं कुठलंही डिझाइन टाकायचं नाही, दोन साधे तक्के, मांजरपाटाच्या रंगाचे, त्यांना वाटलं तर मरून पायपिंग. दारातनं आत आलं की आधी वाकळ दिसेल, मग डोळा मरून रेघेनं खिडकीकडं जाईल, मग सोफ्यावर हिरवं. मला आत्ता लिहितानाच दिसतंय ते. वाकळ आधी दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, कडक उन्हात नको, कडा बघा, जिथं धावदोरा सुटलाय तिथं सुती दोऱ्यानंच धरा, पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला कापतो.

रंग ठरवताना दुकानातल्या उजेडावर विश्वास ठेवू नका. अर्धा मीटर आणा, घरी टांगा, सकाळी, दुपारी चारला तुमच्या त्या पश्चिमेच्या उन्हात आणि रात्री दिवा लावून असं तीनदा बघा. तुमच्याकडं पांढरी ट्यूब असेल, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासची, तर मरून जांभळट दिसतो आणि हिरवा करडा. ३००० च्या आसपासचे पिवळसर दिवे लावले की तेच मरून उबदार होतं. कापड बदलायच्या आधी एक दिवा बदलून बघा, कितीतरी जणांचं काम तेवढ्यावरच झालंय. अजून एक, मोबाइलवर हॉलचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळं एकाच करड्या रंगात मिसळलं तर खोली सपाट आहे, काहीतरी फिकं आणा. सगळीकडं काळे-पांढरे ठिपके उठले तर जास्त झालंय. रंग काढून टाकले की खरं कळतं.

पुराचं लिहू का नको असं वाटत होतं, पण सांगलीत राहून ते विसरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या, नदीकडच्या घरांतलं सामान मी नंतर धुवायला आणि शिवायला घेतलं होतं. फोमच्या गाद्या, ज्यूटचे गालिचे, चिकटवलेले कार्पेट गेले, वास काही केल्या जाईना. सुती चादरी, सतरंज्या, वाकळा चिखल धुवून चार-पाच दिवस वाळवल्यावर परत वापरात आल्या. विश्रामबागला तुम्हाला पाण्याची भीती कमी, पण पावसाळ्यातला दमटपणा तर सगळीकडंच आहे, म्हणून जमिनीवर धुता येईल असंच कापड, आणि ज्यूट घेतलं तर भिंतीवर घ्या, जमिनीवर नको.

मिस्टरांना सांगा की यात नवीन फक्त पडद्याचं साधं कापड, काठ, एक सतरंजी आणि दोन तक्के एवढंच घ्यायचंय, बाकी सगळं घरातलं. सगळं एका दिवसात करू नका. आधी पडदे, मग आठवडाभर तसंच राहूद्या, मग वाकळ पसरा, आणि इरकलला कात्री सगळ्यात शेवटी लावा.

पडद्याचं कापड आणल्यावर शिवायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवा, न धुतलेलं सुती कापड शंभरात चार-पाच इंच सहज आटतं, तुमच्या ९६ इंचात म्हणजे जवळजवळ तेवढंच, तेवढं कापड जास्त आणा. काठाचं मरून कापड वेगळ्या बादलीत भिजवा. आणि रॉड आधी भिंतीला बसवा, मगच रॉडच्या खालून जमिनीपर्यंत माप घ्या, तीन ठिकाणी घ्या, डावीकडं, मधे आणि उजवीकडं, कारण नव्या बिल्डिंगांतही फरशीला अर्धा इंच उतार असतोच. तिन्हींत जे सगळ्यात कमी येईल ते माप टेलरला द्या.